डाव्या बाजूची बेल

राधाकृष्ण ड्रायव्हर स्टिअरिंगमागे बसले, की सोनईच्या वेशीपुढचं सगळं जग त्यांच्या लेखी बिनडोक व्हायचं. पुढचा हळू चालला तर तो वरातीला निघालेला, मागचा घाई करू लागला तर त्याच्या घरी आग लागलेली, आणि समोरच्यानं लाइट मारला तर त्याला आईबापानं काही शिकवलेलंच नाही. हॉर्न वाजवणारा तर सरळसरळ वैरी. एरवी माणूस मवाळ. आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी न बोलता जेवून उठणारा. पण गाडीत बसले की तोंडाचा पट्टा जो सुटायचा, तो हँडब्रेक ओढल्यावरच थांबायचा.

आपल्याला तो अधिकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केल्याचा बिल्ला त्यांच्या बाहेरच्या खोलीत, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, काचेच्या चौकटीत बसवलेला होता. देवांना हार सणावारी पडायचा, बिल्ल्यावरून फडकं मात्र रोज फिरायचं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गावात त्यांना कुणी राधाकृष्ण नुसतं म्हणत नव्हतं, पुढं ड्रायव्हर लागायचंच.

आणि ह्या सात वर्षांत त्यांच्या पांढऱ्या गाडीतली डावी सीट मनकर्णाबाईंची होती. तिथं दुसरं कुणी बसलं की गाडी निघत नसे, हे चेष्टेनं म्हटलेलं नाही. त्याला कारण एसटीच होतं.

एसटीत गाडी चालवतो ड्रायव्हर, पण हलवतो कंडक्टर. दोरी ओढून दोन टोले दिले की निघायचं, एक दिला की थांबायचं. दार डाव्या अंगाला, दारात माणसं. कोण चढतंय, कोण लोंबकळतंय, कुणाची पिशवी अडकलीय, हे कंडक्टरनं बघायचं आणि बेल द्यायची. ड्रायव्हरनं मान वळवून चौकशी करत बसायचं नाही. राधाकृष्णांच्या गाडीवर वीस वर्षं बन्सी नावाचा कंडक्टर होता. एकदा खर्ड्याच्या मुक्कामी गाडीला बन्सीनं थांब्यावरून निघता निघता एक टोला दिला. राधाकृष्णांनी जागच्या जागी ब्रेक दाबला. उभे प्रवासी एकमेकांवर आदळले, कुणाचं कपाळ दांडीवर आपटलं, शिव्यांचा पाऊस पडला. बन्सीनं खाली उतरून पाहिलं, तर नुकत्याच उतरलेल्या एका ऊसतोडणीवाल्या बाईचा पदर दारात अडकला होता आणि ती बाई कडेवरच्या लेकरासकट गाडीबरोबर पळत होती. ही गोष्ट राधाकृष्ण वर्षातून चारदा सांगत आणि शेवट नेहमी एकच असे. एक टोला पडला की आधी ब्रेक, मग ‘का’.

नवी गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी चावी फिरवली, गिअर टाकला आणि क्लचवर पाय ठेवून नुसतेच बसून राहिले. मनकर्णाबाईंना वाटलं काही बिघडलं. तेव्हा ते हसून म्हणाले, बेल कोण देणार? मनकर्णाबाईंनी बोटातल्या चांदीच्या अंगठीनं पुढच्या पॅनेलवर दोनदा टकटक केलं आणि गाडी निघाली. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. दोन टोल्यांशिवाय गाडी अंगणातून कधी हलली नाही. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. मनकर्णाबाईंनाही आतून गंमत वाटायची, कारण बाईमाणसाच्या इशाऱ्यावर हलणारी एवढी एकच वस्तू त्या घरात होती.

दोन दिवाळ्यांपूर्वी ह्या गमतीतली गंमत गेली.

आधी घरात दिसलं. जेवताना डावीकडं ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातून लवंडायला लागला. ते म्हणायचे, जागा बघून ठेवत जा. गोठ्यात डाव्या अंगाला वासरू उभं असताना ते त्याला धडकले आणि वासरालाच आडदांड म्हणाले. मग गाडीत दिसलं. एके दिवशी घोडेगावच्या बाजारातून येताना डावीकडून सायकलवर एक म्हातारा चालला होता. गाडी त्याच्या इतकी जवळ जात होती की मनकर्णाबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली. राधाकृष्ण मात्र समोर बघत शांतपणे कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. मनकर्णाबाई नकळत बोलून गेल्या, अहो, त्या सायकलवाल्याचा फेटा बघा किती छान बांधलाय. त्यांनी मान वळवली, दचकले, स्टिअरिंग उजवीकडं ओढलं आणि म्हणाले, ही माणसं येतात कुठून.

म्हातारा कुठून आला नव्हता. तो पहिल्यापासून तिथंच होता.

तेव्हापासून मनकर्णाबाई बोलायला लागल्या. डाव्या बाजूला मोटारसायकल आली की तिच्यावरच्या बाईची साडी सुंदर असायची. शेरडं आली की त्यातलं एखादं करडू गोजिरवाणं असायचं. शाळेची पोरं असली की त्यातला एक अगदी आपल्या लेकीच्या, आरतीच्या, नवऱ्यासारखा दिसायचा. राधाकृष्ण मान वळवून बघायचे, गाडी सरळ करायचे, आणि म्हातारपणी बायकोला बडबडीचा रोग लागला म्हणून चार लोकांत सांगायचे. त्या हसून घ्यायच्या. रोज सकाळी ते गाडी पुसायला घ्यायचे तेव्हा डावा आरसा जास्त वेळ पुसायचे. दोनदा तर त्यांनी तो बदलून घेतला. हल्लीच्या काचा धुरकट असतात, असं त्यांचं मत झालं होतं.

आणि लोक हॉर्न वाजवायचे. ह्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. पूर्वी एवढे हॉर्न नव्हते, असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. पूर्वी त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध चालत नव्हती, हे त्यांना कुणी सांगायचं? डावी बाजू दिसेनाशी झाली तसे ते त्या बाजूला भिऊन उजवीकडं सरकत गेले होते, आणि मागं अडकलेली माणसं त्यांच्याबद्दल काय बोलत असतील हे मनकर्णाबाईंना पाठ होतं. कारण पुढच्या गाडीबद्दल तेच शब्द त्या रोज शेजारून ऐकत होत्या.

सांगायचं किती वेळा ठरवलं. पण सांगितलं तर काय होईल हेही त्यांना दिसत होतं. काचेच्या चौकटीतला बिल्ला तिथंच राहील आणि माणूस आतून रिकामा होईल. एकतीस वर्षं ज्या कामानं त्यांना नाव दिलं, ते काम मीच काढून घ्यायचं? शिवाय आपण आहोत की शेजारी. आपले डोळे अजून सुईत दोरा ओवतात. जोवर आपण त्या सीटवर आहोत तोवर काही होत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. समजूत खोटी आहे हे माहीत असूनही माणूस ती वापरतो, तशी ती दोन वर्षं चालली.

त्या शनिवारी ते दोघं कोपरगावला निघाले होते. आरतीला तिथं सासरीच मुलगी झाली होती, सिझर झालं होतं, आणि सव्वा महिना झाल्यावर बाळ-बाळंतिणीला माहेरी आणायचं ठरलं होतं. नातीचं बारसं सोनईला होणार होतं. राधाकृष्णांनी आदल्या दिवशी गाडी धुतली, सीटवर धुतलेली चादर टाकली, हवा तपासली. जावई अजिनाथ फोनवर म्हणाले होते की मीच माझ्या गाडीनं आणून सोडतो. राधाकृष्णांनी ते हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, जावई सोन्यासारखा, पण त्यांच्या गाडीत बसलं की कुलदैवत आठवतं.

अंगणात मनकर्णाबाईंनी दोन टोले दिले आणि गाडी निघाली.

शनिवार, त्यातून गाळपाचे दिवस. समोरून शिर्डीचं दर्शन उरकून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या सुसाट येत होत्या. दोन देव एका दिवसात उरकायचे म्हटल्यावर सुसाटच यावं लागतं, असं राधाकृष्ण म्हणाले, आणि शनिदेवाला एवढी घाई चालत असेल का, असंही म्हणाले. ब्राह्मणीच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर ऊस दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकलेला, मागं ना दिवा ना लाल पट्टी, आणि ट्रॅक्टरवरच्या भोंग्यावर गाणं एवढ्या मोठ्यानं की मागच्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी तो पुढच्याच्या लग्नातला बँड वाटावा. वीस मिनिटं त्याच्या मागं गेली. राधाकृष्णांनी त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा हिशेब काढला. मग अचानक शांत होऊन म्हणाले, “त्याचं बी खरं हाय. पाठीमागं एवढा डोंगर घेऊन कुनाला पळता येतंय.” मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस वाईट नाही, उलट ह्याला दुसऱ्याचं ओझं कळतं, आणि म्हणूनच सांगणं अवघड आहे, असं त्यांच्या मनात आलं.

राहुरीहून ते मोठ्या रस्त्याला लागले. खड्डे चुकवणाऱ्या गाड्या नागमोडी चालल्या होत्या. मनकर्णाबाईंच्या साड्या, करडं आणि फेटे चालू होते. कोल्हार जवळ आलं आणि त्यांचा फोन वाजला. आरती होती. डिंकाच्या लाडवांचा डबा घेतलाय ना, एवढंच तिला विचारायचं होतं. डबा पायाशी होता की मागं, हे बघायला मनकर्णाबाई खाली वाकल्या. दोन श्वासांचा वेळ गेला असेल.

डाव्या दारावर पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज झाला.

एक दूधवाला होता. मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन लावलेले. डावीकडचा कॅन खडीत टेकला होता, उजवा गाडीच्या दाराला घासून गेला होता, आणि तो एक पाय मुरुमात रोवून कशीबशी गाडी सावरत उभा होता. पडला नव्हता. वयानं तिशीतला असेल. मनकर्णाबाईंना वाटलं आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण तो खिडकीशी आला, वाकला आणि मनकर्णाबाईंनाच म्हणाला, “मावशी, ह्यांना मी दिसलो न्हाई का?”

राधाकृष्ण उतरले. त्यांनी त्याला डावीकडून ओव्हरटेक करण्याचे तोटे समजावून सांगितले. ते रागावले नव्हते, शिकवत होते. अशानं एक दिवस जिवाला मुकशील, घरी बायकापोरं असतील, असं अगदी कळवळून सांगितलं. दूधवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कॅन सरळ करत तो एवढंच म्हणाला, “मी ओव्हरटेक न्हाई केला, काका. मी तर पुढंच हुतो.”

गाडी पुन्हा निघताना मनकर्णाबाईंची अंगठी पॅनेलवर दोनदा वाजली. पुढं बाभळेश्वर येईपर्यंत राधाकृष्ण त्या दूधवाल्याबद्दल बोलत राहिले. मागून घुसतात आणि वर खोटं बोलतात, असं म्हणाले. मनकर्णाबाईंनी आता साड्यांचं नाव काढलं नाही. डावीकडं काही आलं की नुसतं ‘सायकल हाय’, ‘गाडा हाय’ म्हणत राहिल्या. ज्या दाराला खरचटलंय, त्याच्या आत आपण बसलो होतो. उद्या त्या जागी दुसरं कुणी असेल. ह्या विचारानं त्यांना पाणीही गोड लागेना.

कोपरगावात आरतीच्या सासूबाईंनी, रंगुबाईंनी, पुरणपोळीचा बेत केला होता. जेवणं झाली. पुरुष ओसरीवर पान लावत बसले. राधाकृष्ण जावयाला दूधवाल्याची गोष्ट सांगत होते आणि तिच्यात आता दूधवाल्याचा वेग बराच वाढला होता. अजिनाथ मान डोलवत होते. हा माणूस वेगानं चालवायचा हे खरं, पण सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलायचा नाही.

आत आरती बाळाचे कपडे पिशवीत भरत होती. मनकर्णाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. सांगायचं म्हणून तोंड उघडलं. म्हणाल्या, जावयांनी गाडी चालवली तर बरं, ह्यांना दोन्ही वेळचा प्रवास होतो. आरती हसली. म्हणाली, “आई, ह्यांच्या गाडीत मी बाळ घेऊन बसायची नाही. आप्पा आहेत म्हणून तर मी निर्धास्त आहे. पंचवीस वर्षांत एक ओरखडा नाही त्यांच्या गाडीला.”

मनकर्णाबाईंना दारावरचा ओरखडा आठवला. आरतीनं तो पाहिला नव्हता, कारण ती बाजू भिंतीकडं लावलेली होती. त्यांनी समोरचं दुपटं उचलून त्याची घडी घातली. लेकीला सांगायचं म्हणजे बापाला तिच्या मनातून उतरवायचं. बापाला सांगायचं म्हणजे त्याला त्याच्याच मनातून उतरवायचं. आणि कुणालाच नाही सांगितलं तर? तर आपण आहोतच शेजारच्या सीटवर, असं म्हणून त्या उठल्या.

पण ती सीट त्यांची राहिली नव्हती. अंगणात रंगुबाईंनी सामान लावायला घेतलं होतं. डिकीत पिशव्या भरल्या. पुढच्या डाव्या सीटवर त्यांनी बाळाची गादी, घडीचा पाळणा आणि त्यावर दुपट्यांचं गाठोडं असं रचलं की डावी खिडकी अर्धी झाकून गेली. त्यांच्या घरात रीत होती, नात पहिल्यांदा आजोळी निघाली की आजीच्या मांडीवरून निघायची. आईनं घ्यायचं नाही, सीटवर ठेवायचं नाही. विहीणबाई मागं बसतील, बाळ मांडीवर घेतील, आरती शेजारी बसेल. मनकर्णाबाई म्हणाल्या की मी पुढं बसूनही घेईन. रंगुबाई म्हणाल्या, पुढं कसलं, पुढं वारं लागतं. त्यांच्याकडं बघून ह्यात वाद नाही हे कळत होतं. त्यांनी बाळाला काजळाची तीट लावली, ओवाळलं, आणि ते एवढंसं उबदार गाठोडं मनकर्णाबाईंच्या मांडीवर दिलं.

नात झोपली होती. तिचं अजून नावही ठेवलेलं नव्हतं. तिच्या मुठीत मनकर्णाबाईंचं बोट आलं, नेमकं अंगठीचं बोट.

राधाकृष्ण बसले. पट्टा लावला, आरसा नीट केला, चावी फिरवली. मग काही आठवल्यासारखं करून खिडकीतून विचारलं, “अजिनाथराव कुठं गेले? त्यांना सांगायचं ऱ्हायलं.”

अजिनाथ गाडीच्या डाव्या हेडलाइटपाशी उभे होते. गाडीपासून हातभर अंतरावर. निरोपासाठी हात जोडून.

रंगुबाई हसल्या. आरती हसली. आप्पा चेष्टा करतायत असं सगळ्यांना वाटलं, अजिनाथही संकोचून हसले. मनकर्णाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी पाहिलं की राधाकृष्ण उजवीकडच्या ओसरीकडं बघत होते, खरोखर शोधत होते, आणि सगळे का हसतायत ते न कळल्यामुळं तेही थोडंसं हसले होते. ते हसू बघून त्यांचं काळीज तुटलं.

“बरं, द्या बेल,” ते म्हणाले. क्लच दाबला, गिअर पडला.

मनकर्णाबाईंनी बाळाच्या मुठीतून बोट सोडवलं. हात लांब करून पुढच्या सीटच्या वर, दाराच्या खांबावर अंगठी वाजवली.

एकदा.

राधाकृष्ण थांबले. गाडी हललेलीच नव्हती, तरी त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला. दुसऱ्या टोल्याची वाट बघत ते समोर बघत बसले. दुसरा टोला आला नाही.

“दुसरा दे की.”

मनकर्णाबाईंनी पुन्हा वाजवला. पुन्हा एकदाच.

अंगणातलं हसू कमी कमी होत गेलं. राधाकृष्णांनी इंजिन बंद केलं. आरशातून त्यांनी बायकोकडं पाहिलं. वीस वर्षांत बन्सीला त्यांनी एका टोल्याचा जाब विचारला नव्हता, तो नंतर आपण होऊन सांगायचा. आता त्यांनी विचारलं, पण फार हळू.

“का?”

मनकर्णाबाईंनी दोन वर्षं मनात हजारदा जुळवलेल्या वाक्यांपैकी त्यांना त्या क्षणी एकही आठवलं नाही. “तुमाला डाव्या अंगाचं दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोन दिवाळ्या झाल्या. मी बगत हुते म्हनून गाडी चालत हुती. आज मी मागं हाय, आन् मांडीवर ही हाय.”

 राधाकृष्णांनी मान वळवली, खांद्यासकट सगळी मान, गाठोड्याच्या वरून. हेडलाइटपाशी अजिनाथ उभे होते. जोडलेले हात त्यांनी अजून सोडले नव्हते, कारण सोडावेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. राधाकृष्णांनी मान पुन्हा सरळ केली. मग पुन्हा वळवली. असं दोन-तीनदा केलं. जावई येत होता आणि जात होता. तो जागचा हलत नव्हता, हेही त्यांना समजत होतं.

आरतीनं आईचा दंड घट्ट धरला होता. तिला एकदम सगळं कळलं होतं.

मग राधाकृष्णांनी विचारलं, “त्यो दूधवाला?”

“पुढंच हुता,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. त्या हातांकडं मागून बघताना मनकर्णाबाईंना रडू आलं. आपण चूक केली असं त्यांना वाटलं नाही, उशीर केला एवढंच वाटलं, आणि दूधवाल्याची खडीत टेकलेली मोटारसायकल आठवून उशीर केल्याची लाजही वाटली. त्यांना वाटलं आता हे चिडतील, उतरून निघून जातील, ओसरीवर जाऊन बसतील आणि उद्यापर्यंत बोलणार नाहीत.

राधाकृष्ण उतरले खरे. चावी काढली, पुढून बॉनेटवर हात ठेवत वळसा घालून डाव्या बाजूला आले. दाराजवळ थांबले. ओरखड्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. मग चावी अजिनाथच्या हातात दिली.

“अजिनाथराव, तुमी चालवा. आज आमच्याकडं मुक्काम, उद्या एसटीनं या माघारी.”

अजिनाथ काहीतरी बोलू लागले, की तसं काही नाही, आप्पा, डॉक्टरला दाखवू. राधाकृष्णांनी दाखवू म्हटलं. नगरला चांगला दवाखाना आहे, सोमवारी जाऊ म्हटलं. पण ते बोलणं नंतरचं आहे असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी स्वतः पुढच्या सीटवरचं गाठोडं उचलून रंगुबाईंकडं दिलं, पाळणा आणि गादी डिकीवर बांधायला घेतली. रंगुबाईंनी दोरी शोधून आणली. त्या बाईनंही एवढ्या वेळात एक शब्द काढला नाही, हे मनकर्णाबाईंनी पुढं कित्येक दिवस आठवणीत ठेवलं.

मग राधाकृष्ण डाव्या सीटवर बसले. ती जागा त्यांना नवी होती. पाय कुठं ठेवावेत ते कळेना, पायाशी लाडवांचा रिकामा डबा होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. अजिनाथनी चावी फिरवली आणि सवयीनं लगेच गाडी काढायला गेले.

“थांबा,” राधाकृष्ण म्हणाले.

त्यांनी डाव्या बाजूला खांद्यासकट वळून पाहिलं. मागं पाहिलं, चाकापाशी पाहिलं, फाटकापाशी उभ्या असलेल्या शेजारच्या मुलीला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. पुन्हा एकदा पाहिलं. सगळं नीट दिसायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि तो वेळ ते घेत होते. मागच्या सीटवरून मनकर्णाबाईंना त्यांची वळलेली मान दिसत होती, कानामागचे पांढरे केस दिसत होते. अजिनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. आयुष्यात ते कधी एवढा वेळ थांबले नसतील.

मग राधाकृष्णांनी बोटाच्या पेरानं पॅनेलवर दोनदा वाजवलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. रस्त्याला लागताच राधाकृष्णांनी जावयाला हळू चालवायला सांगितलं, आणि पुढच्या वळणाआधी मान वळवून म्हणाले, सायकल हाय डावीकडं. मनकर्णाबाईंचीही मान सवयीनं तिकडं वळली होती. सायकल त्यांना आधीच दिसली होती. पण ती सांगायचं काम आता त्यांचं नव्हतं. त्यांनी रस्त्यावरची नजर काढून घेतली आणि मांडीवरच्या नातीचं तोंड पहिल्यांदाच नीट बघत बसल्या.